उत्परिवर्तन होत नाही, की जुना डीएनए मरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थिनीला लायपेज या एन्झाइमच्या सक्रिय स्थळावरील सेरीन हे अमिनो आम्ल काढून त्या जागी अ‍ॅलॅनिन बसवायचे आहे. त्याचे जनुक पीईटी-२८ए या प्लास्मिडमध्ये (जीवाणूंत राहणाऱ्या डीएनएच्या लहान वर्तुळात) आहे आणि सगळे मिळून वर्तुळ ६.४ किलोबेसचे, म्हणजे ए, टी, जी, सी या ६,४०० अक्षरांचे (बेसचे) होते. त्यांनी ४२ बेस लांबीचे, एकमेकांना पूर्णपणे पूरक असे दोन प्रायमर (नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे, हवा तो बदल असलेले डीएनएचे तुकडे) मागवले. ५० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत ५०० नॅनोग्रॅम टेम्प्लेट (ज्यावरून नवी प्रत बनते ते मूळ प्लास्मिड) घेतले. फ्यूजन पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारे एन्झाइम) वापरून प्रती काढण्याची ३० चक्रे चालवली, दर चक्रात विस्तारासाठी, म्हणजे धागा वाढण्यासाठी, २ मिनिटे दिली. मग जुना डीएनए कापणाऱ्या डीपीएन-वन या एन्झाइमने एक तास पचन करून त्यातले २ मायक्रोलिटर डीएच-५-अल्फा या ई. कोलाय जीवाणूच्या पेशींमध्ये घातले. जवळपास २०० कॉलन्या आल्या, चार क्लोनचे (एकेका कॉलनीतल्या प्लास्मिडचे) सिक्वेन्सिंग, म्हणजे क्रमवाचन, केले आणि चारही मूळचेच निघाले. दुसऱ्या खेपेस टेम्प्लेट ५० नॅनोग्रॅमवर आणले व पचन रात्रभर ठेवले, तर प्लेट कोरी. तिसऱ्या खेपेस बाकी सारे तसेच ठेवून प्रायमर दुप्पट केले. ११ कॉलन्या आल्या, तीन क्लोन तपासले, दोन मूळचे आणि तिसऱ्यात हवा तो बदल आहे, परंतु त्याला लागूनच प्रायमरचा क्रम आणखी एकदा चिकटलेला आहे. आता त्या विचारतात की महागडे किट घ्यावे, की सरळ क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राकडे वळावे.

प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि या एका तंत्रावर जितके दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशावर गेले असतील. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी प्रश्नच थोडा बदलून मांडतो. तुमचे तीन प्रयत्न म्हणजे एकच अपयश तीनदा नव्हे; ती तीन वेगवेगळी अपयशे आहेत. पहिल्यात जुना डीएनए मेला नाही, दुसऱ्यात नवा डीएनए बहुधा तयारच झाला नाही, आणि तिसऱ्यात तो तयार झाला पण प्रायमरांनी गोंधळ घातला. या तिन्हींना एकच औषध नाही, आणि किट किंवा क्रिस्पर हे तर यांपैकी एकाचेही थेट औषध नाही.

पहिल्या प्रयत्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गाडी तेथेच अडते. विशिष्ट जागी बदल घडवण्याच्या या साऱ्या पद्धतींमध्ये बदल असलेला धागा तयार करणे हा तुलनेने सोपा भाग आहे. १९७८ मध्ये क्लाइड हचिसन, मायकेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाय-एक्स-१७४ या विषाणूच्या डीएनएवर अवघ्या १२ बेसचा, एक बेस मुद्दाम चुकवलेला तुकडा चिकटवून त्यापासून नवा धागा वाढवला, आणि हे जमते हे दाखवून दिले. या कामासाठी स्मिथ यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी दुसरा अर्धा वाटा पीसीआरसाठी (नळीत डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्रासाठी) कॅरी म्युलिस यांना मिळाला, आणि आज आपण जे करतो ते या दोघांच्या कल्पनांचेच मिश्रण आहे. पण त्या मूळ पद्धतीत जुना धागा जिवंतच राही, त्यामुळे पुष्कळ संतती मूळचीच निघे. १९८५ मध्ये टॉम कंकेल यांनी त्यावर जो उपाय काढला तो मला आजही या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी टेम्प्लेट अशा ई. कोलायमध्ये वाढवले की त्यात थायमिनच्या जागी अधूनमधून युरॅसिल बसावे. नवा धागा नळीत तयार झाल्यावर ते सारे साध्या ई. कोलायमध्ये घातले की पेशी स्वतःच युरॅसिल असलेला जुना धागा मोडून टाकते. म्हणजे प्रगती झाली ती नवे घडवण्यात नव्हे, जुने ओळखून मारण्यात.

डीपीएन-वन हेही त्याच विचाराचे पुढचे रूप आहे. हा एन्झाइम जी-ए-टी-सी हा क्रम कापतो, पण त्यातल्या अ‍ॅडेनिनवर मिथिल गट असेल तरच. ई. कोलायच्या बहुतेक जातींमध्ये डॅम नावाचे मिथिलेज (मिथिल गट बसवणारे एन्झाइम) असते, त्यामुळे पेशीतून काढलेले प्लास्मिड मिथिलयुक्त असते आणि नळीत पॉलिमरेजने बनवलेला डीएनए मिथिलविरहित. चार बेसचा क्रम सरासरी दर २५६ बेसला एकदा येतो, म्हणजे तुमच्या ६.४ किलोबेसमध्ये अशा साधारण २५ जागा असाव्यात. त्यांतली एक कापली गेली तरी वर्तुळ सुटते आणि पेशीत शिरण्याची त्याची क्षमता खूप घटते.

मग २०० कॉलन्या कोठून आल्या? हिशेब मांडून पाहा. तुमच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशींची डीएनए आत घेण्याची क्षमता दर मायक्रोग्रॅमला एक कोटी कॉलन्या आहे असे धरू. घरी केलेल्या पेशींसाठी हा आकडा वाजवी आहे. तुम्ही ५०० नॅनोग्रॅम टेम्प्लेट ५० मायक्रोलिटरमध्ये घेतले आणि त्यातले २ मायक्रोलिटर पेशींमध्ये घातले, म्हणजे २० नॅनोग्रॅम जुना डीएनए पेशींपर्यंत पोहोचला. पचन झालेच नसते तर त्यातून २ लाख कॉलन्या आल्या असत्या. डीपीएन-वनने ९९.९ टक्के काम चोख केले आणि हजारातले एकच वर्तुळ न कापता राहिले, तरी २०० कॉलन्या येतात. तुमचा आकडा नेमका तोच आहे. आता हाच हिशेब १० नॅनोग्रॅम टेम्प्लेट धरून करा: पेशींपर्यंत ०.४ नॅनोग्रॅम, म्हणजे पचनाविना ४ हजार आणि पचनानंतर ४ कॉलन्या. एन्झाइम तोच, वेळ तीच, आणि पार्श्वभूमी, म्हणजे न मेलेल्या जुन्या डीएनएच्या कॉलन्या, पन्नासपट कमी. जेलवर पट्टी ठसठशीत दिसावी म्हणून टेम्प्लेट वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो, तो आवरा.

यात आणखी एक बारकावा आहे. टेम्प्लेट जास्त असले की अभिक्रियेच्या शेवटी एक धागा जुना व एक नवा अशी संकरित वर्तुळेही उरतात. डीपीएन-वन अशी अर्धमिथिलित जागा कापतो, पण पुष्कळच संथपणे. ती जोडी पेशीत पोहोचली की पेशीची दुरुस्ती-यंत्रणा जुळत नसलेला बेस हेरते आणि मिथिल असलेला धागा खरा मानून दुसऱ्या धाग्याची ‘चूक’ सुधारते. ती सुधारणा म्हणजे तुम्ही दोन दिवस खपून केलेला बदलच. पेशीचे यात काही चुकत नाही. ती तिचे रोजचे काम करते आहे.

प्लास्मिड दुसऱ्या प्रयोगशाळेतून आले आहे आणि ते थेट वापरले असे तुम्ही लिहिले आहे. तेथे ते कोणत्या जातीच्या ई. कोलायमधून काढले होते हे विचारून घ्या. जेएम-११० किंवा एससीएस-११० यांसारख्या जातींमध्ये डॅम मिथिलेज नसते, आणि काही रेस्ट्रिक्शन एन्झाइमांनी (ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी) कापता यावे म्हणून लोक मुद्दाम त्या वापरतात. असे टेम्प्लेट डीपीएन-वनला अदृश्यच. तुमच्या बाबतीत मला हे कारण कमी संभवनीय वाटते, कारण दुसऱ्या खेपेस रात्रभर पचनानंतर प्लेट कोरी राहिली, म्हणजे एन्झाइमला कापण्यासारखे काहीतरी सापडत होते. तरीही टेम्प्लेट एकदा आपल्याच डीएच-५-अल्फामध्ये घालून ताजी मिनीप्रेप करून घ्या, म्हणजे त्या पेशींतून प्लास्मिड नव्याने काढा. एका दिवसाचे काम आहे आणि शंकेला जागा उरत नाही.

पण मी आत्ता जे म्हटले ते पूर्णपणे खात्रीचे नाही, आणि त्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे: दुसऱ्या खेपेस तुम्ही तुलनेसाठी कोणतेही नियंत्रण (कंट्रोल) ठेवलेले दिसत नाही. कोऱ्या प्लेटचे तीन अर्थ होऊ शकतात. नवा डीएनए बनला नाही. किंवा बनला पण पेशी मेलेल्या होत्या. किंवा प्लेटमध्ये कॅनामायसिन हे प्रतिजैविक चुकून दुप्पट पडले होते. यांतला कोणता अर्थ खरा हे आता कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून पुढच्या वेळी मुख्य नळीच्या जोडीला एक नळी अशी ठेवा की तिच्यात टेम्प्लेट, प्रायमर, बफर सारे आहे, फक्त पॉलिमरेज नाही. ती यंत्रातून काढा, तिच्यात डीपीएन-वन घाला आणि तितकाच भाग पेशींमध्ये घाला. या नळीतून येणाऱ्या कॉलन्या म्हणजे निव्वळ जुना, न मेलेला डीएनए. शिवाय पेशींची क्षमता मोजण्यासाठी एखाद्या शुद्ध प्लास्मिडचे १०० पिकोग्रॅम वेगळ्या पेशींमध्ये घाला आणि एका प्लेटवर डीएनए न घातलेल्या पेशी पसरा. मुख्य प्लेटवर ४० आणि पॉलिमरेजविरहित प्लेटवर ४ कॉलन्या असतील तर दोन-तीन क्लोन सिक्वेन्सिंगला पाठवायला पुरेसे आहेत. दोन्हींवर ४०-४० असतील तर एकही पाठवू नका, पैसे वाचतील. माझ्याकडे येणारे विद्यार्थी या तीन जादा प्लेटा ओतायचा कंटाळा करतात आणि मग महिनाभर अंधारात चाचपडतात. तुमचे दोन महिने बहुधा असेच गेले आहेत.

आता नवा डीएनए का तयार झाला नसावा, याकडे वळू. फ्यूजनच्या जातीच्या पॉलिमरेजला प्लास्मिडसारख्या टेम्प्लेटवर दर किलोबेसला १५ ते ३० सेकंद द्यावे लागतात. ६.४ किलोबेससाठी हे ९६ ते १९२ सेकंद होतात. तुम्ही दिलेली २ मिनिटे या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ आहेत. त्यातून तुमचे जनुक जी आणि सी यांनी भरलेले दिसते, म्हणजे पॉलिमरेज जागोजागी अडखळणार. साडेतीन मिनिटे द्या, आणि ३ टक्के डीएमएसओ (डीएनएच्या घट्ट जोड्या सैल करणारे द्रावक) घातलेली एक नळी समांतर चालवा. डीएमएसओ घातल्यास प्रायमर चिकटण्याचे तापमान दोनेक अंशांनी उतरवावे लागते हे विसरू नका. साधे टॅक पॉलिमरेज मात्र येथे वापरू नका: त्याच्या चुका जास्त असतात आणि ते टोकाला एक जादा ए लावते, ज्यामुळे वर्तुळ जुळण्यात विघ्न येते.

खरे दुखणे मात्र प्रायमरांच्या आखणीत आहे असे माझे मत आहे, आणि तिसऱ्या प्रयत्नातला तो प्रायमर चिकटलेला क्लोन त्याचीच साक्ष देतो. एकमेकांना पूर्णपणे पूरक प्रायमरांची पद्धत १९९० च्या दशकात एका किटमुळे घरोघर पोहोचली आणि लहान प्लास्मिडवर ती चालतेही. पण तिच्यात दोन अडचणी जन्मजात आहेत. एक म्हणजे हे दोन प्रायमर टेम्प्लेटला चिकटण्याऐवजी एकमेकांनाच चिकटणे पसंत करतात. ४२ बेसची, जी-सीने भरलेली जोडी तर फारच घट्ट बसते. दुसरी म्हणजे नवा बनलेला धागा पुढच्या चक्रात टेम्प्लेट म्हणून उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या टोकावर बसलेल्या प्रायमरला पुढे वाढायला जागाच नसते. त्यामुळे ही वाढ दुपटीने होत नाही, बेरजेने होते: १८ चक्रे चालवली तर एका जुन्या धाग्यामागे फार तर १८ नवे. १० नॅनोग्रॅम टेम्प्लेटपासून अगदी आदर्श स्थितीतही १८० नॅनोग्रॅमच मिळतील, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. तुम्ही चालवलेल्या ३० चक्रांनी फारसे काही हाती लागत नाही, उलट प्रायमर एकापुढे एक जोडले जाण्याच्या अपघातांना जास्त संधी मिळते. त्यातच प्रायमर दुप्पट केल्यावर जे व्हायचे तेच झाले.

यावर मी स्वतः गेली अनेक वर्षे जो मार्ग वापरतो तो अंशतः पूरक प्रायमरांचा आहे. दोन्ही प्रायमरांच्या पाच-प्राइम टोकांचे (धाग्याच्या सुरुवातीच्या टोकांचे) १६ ते १८ बेस एकमेकांशी जुळतात, बदल त्याच भागात असतो, आणि त्यापुढे प्रत्येक प्रायमरला तीन-प्राइम बाजूस (जिकडून धागा वाढतो तिकडे) आणखी १८ ते २० बेसची शेपटी असते, जी फक्त टेम्प्लेटशी जुळते. या शेपटीचे वितळण्याचे, म्हणजे जोडी सुटण्याचे, तापमान सामाईक भागाच्या तापमानापेक्षा ५ ते १० अंश सेल्सिअसने जास्त ठेवायचे. मग चिकटण्याचे तापमान असे निवडता येते की प्रायमर टेम्प्लेटवर बसतील पण एकमेकांवर बसणार नाहीत. शिवाय नवा धागाही आता टेम्प्लेट होऊ शकतो, कारण शेपटीला वाढायला वाव मिळतो. टेम्प्लेट १० नॅनोग्रॅम, प्रत्येक प्रायमर ०.२ ते ०.५ मायक्रोमोलर, १८ ते २० चक्रे. यापुढे जाण्याची मला सहसा गरज पडलेली नाही.

आधीचेच पूरक प्रायमर वाया जाऊ नयेत असे वाटत असेल तर एक जुगाड आहे. अभिक्रिया दोन नळ्यांत विभागा, प्रत्येक नळीत एकच प्रायमर घाला, अशी पाच-सहा चक्रे चालवा, आणि मग दोन्ही नळ्या एकत्र करून उरलेली १२ ते १५ चक्रे पूर्ण करा. सुरुवातीला जोडीदारच नसल्यामुळे प्रायमर निमूटपणे टेम्प्लेटवर बसतात. हे दर वेळी चालते असे मी म्हणणार नाही, पण नवे प्रायमर येईपर्यंतच्या आठवड्यात करून पाहायला हरकत नाही.

तुम्ही दिलेला क्रम मी पाहिला. बदलायच्या जागी जी-जी-सी, सी-ए-सी, टी-सी-जी, सी-ए-जी, जी-जी-सी असे पाच कोडॉन (प्रत्येकी एका अमिनो आम्लाचा संकेत देणारे तीन बेस) आहेत, म्हणजे ग्लायसिन, हिस्टिडीन, सेरीन, ग्लुटामिन, ग्लायसिन. लायपेजमध्ये सक्रिय सेरीनभोवती सापडणारा नेहमीचा नमुना. सेरीनचा टी-सी-जी हा कोडॉन जी-सी-जी केला की अ‍ॅलॅनिन होते, आणि एकच बेस बदलावा लागतो. पण मी तुमच्या जागी असतो तर आणखी एक बेस बदलला असता. अलीकडचा हिस्टिडीनचा सी-ए-सी हा कोडॉन सी-ए-टी करा. हिस्टिडीन हिस्टिडीनच राहते. आता दोन्ही बदल मिळून क्रम सी-ए-टी, जी-सी-जी, सी-ए-जी असा होतो, आणि त्यात मधोमध टी-जी-सी-जी-सी-ए हे सहा बेस लागोपाठ येतात. ही एफएसपी-वन या एन्झाइमची कापण्याची जागा आहे, आणि ती मूळ क्रमात नव्हती. म्हणजे मिनीप्रेप एफएसपी-वनने कापून जेलवर चालवली की कोणत्या क्लोनमध्ये बदल आहे हे सिक्वेन्सिंगला न पाठवताच संध्याकाळपर्यंत कळते. उरलेल्या प्लास्मिडमध्ये एफएसपी-वनच्या आणखी किती जागा आहेत आणि पट्ट्यांमधला फरक जेलवर ओळखू येईल का, हे मात्र नकाशावर आधी पाहून घ्या. कोडॉनांच्या पर्यायांमध्ये अशी एखादी जागा अनेकदा दडलेली असते. ती शोधण्यात घालवलेली दहा मिनिटे कधी वाया जात नाहीत.

तिसरा मार्ग पाठीला पाठ लावलेल्या प्रायमरांचा. यात प्रायमर एकमेकांवर येतच नाहीत. दोघांची पाच-प्राइम टोके शेजारी-शेजारी असतात आणि ते विरुद्ध दिशांना वाढत पूर्ण वर्तुळ सरळ तुकड्याच्या रूपात तयार करतात. वाढ दुपटीने होते, जेलवर पट्टी स्वच्छ दिसते, १ नॅनोग्रॅम टेम्प्लेटही पुरते. मात्र मागवलेल्या प्रायमरांना पाच-प्राइम टोकाला फॉस्फेट नसते, त्यामुळे कायनेजने ते बसवून लायगेजने टोके जोडावी लागतात. आणि येथे प्रायमरच्या शुद्धतेला फार महत्त्व येते. प्रायमरचे रासायनिक संश्लेषण तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे जाते, म्हणून अपुरे राहिलेले रेणू पाच-प्राइम टोकालाच आखूड असतात. प्रत्येक पायरी ९९ टक्के यशस्वी झाली तरी ४५ बेसच्या प्रायमरमध्ये पूर्ण लांबीचे रेणू सुमारे ६४ टक्केच निघतात. असा आखूड रेणू जोडावर आला की एक-दोन बेस गळतात आणि वाचनचौकट, म्हणजे तीन-तीन बेस वाचण्याची विभागणी, सरकते. म्हणून या पद्धतीसाठी प्रायमर शक्यतो आखूड ठेवा किंवा शुद्ध करून मागवा.

यापैकी काय निवडावे हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तेथे मी ठाम सल्ला देणार नाही. प्लास्मिड १० किलोबेसच्या वर असेल तर संपूर्ण वर्तुळ वाढवण्याच्या फंदात मी पडत नाही. तेव्हा चार प्रायमर घेऊन फक्त जनुकाचे दोन तुकडे वाढवावेत, बदल असलेल्या सामाईक भागातून ते दुसऱ्या पीसीआरमध्ये जोडावेत, आणि तयार जनुक रेस्ट्रिक्शन एन्झाइमांनी कापून कोऱ्या वाहकात (जनुक नसलेल्या प्लास्मिडमध्ये) बसवावे. तुमचे जनुक जेमतेम १ किलोबेसचे आहे आणि एनडीई-वन व एक्सएचओ-वन या एन्झाइमांच्या कापण्याच्या जागांमध्ये बसलेले आहे, तेव्हा अंशतः पूरक प्रायमरही हरले तर तुमची दुसरी वाट हीच. एकाच जनुकात विखुरलेले आठ-दहा बदल हवे असतील तर बदललेले जनुक संश्लेषित करून मागवणे स्वस्त पडू शकते. आणि एका जागी सगळी वीस अमिनो आम्ले बसवून पाहायची असतील तर प्रायमरमध्ये एनएनके हे मिश्रण (पहिल्या दोन जागी कोणताही बेस, तिसऱ्या जागी जी किंवा टी) ठेवतात; त्यात ३२ कोडॉन येतात, वीसही अमिनो आम्ले येतात आणि थांबा-कोडॉन एकच येतो. यांतला एखादा ठरावीक कोडॉन सुटण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर सुमारे ९६ क्लोन तपासावे लागतात, म्हणजे बरोबर एक ९६ खाचांची प्लेट.

क्रिस्परबद्दल स्पष्टच लिहितो. शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाल्यापासून प्रत्येक अडचणीवर क्रिस्पर सुचवण्याची पद्धत पडली आहे, पण तुमच्या बाबतीत ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. पेशीच्या गुणसूत्रातच बदल करायचा असतो, जेथून तो डीएनए काढून नळीत घेता येत नाही, तेथे क्रिस्परचे मोल आहे. तुमचे जनुक आधीच प्लास्मिडवर, तुमच्या हातात आहे. शिवाय कात्रीविना बेस बदलणारी जी बेस एडिटर नावाची अवजारे आहेत त्यांचे नेहमीचे प्रकार सी चा टी किंवा ए चा जी करतात, किंवा समोरच्या धाग्यावर काम करून जी चा ए व टी चा सी. तुम्हाला टी चा जी करायचा आहे. तो त्यांच्या आवाक्यात नाही.

किटचे म्हणाल तर आत तेच पॉलिमरेज, तेच डीपीएन-वन आणि बफर असतात. त्या डब्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पेशी. दर मायक्रोग्रॅमला दहा कोटी किंवा त्याहून अधिक कॉलन्या देणाऱ्या पेशी असतील तर तुटक धाग्यांची, कमी प्रमाणात बनलेली वर्तुळेही पकडली जातात. पैसे खर्च करायचेच असतील तर अशा पेशींच्या दोन-चार नळ्या विकत घ्या आणि बाकीचे घरातले वापरा. पार्श्वभूमीही त्याच प्रमाणात दहापट वाढेल, म्हणून टेम्प्लेट कमी ठेवण्याचे पथ्य तेव्हा अधिकच पाळावे लागेल.

तंत्रावर हात बसवायचा असेल तर आमच्याकडे नव्या मुलांना जो सराव देतो तो तुम्हीही करून पाहा. लॅक प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या भागाखाली) ईजीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन बनवणारे लहान प्लास्मिड घ्यायचे आणि त्यातले ६६ वे टायरोसीन बदलून हिस्टिडीन करायचे. टी-ए-सी चे सी-ए-सी, एकच बेस. हे उत्परिवर्तन झाले की चमक निळ्याकडे सरकते आणि निळ्या प्रकाशाच्या पेटीवर कॉलनी हिरवी दिसेनाशी होते. मग सिक्वेन्सिंगची गरजच नाही: प्लेट पेटीवर ठेवा, हिरव्या किती आणि फिक्या किती ते मोजा, तीच तुमची यशाची टक्केवारी. फिक्या कॉलन्यांमध्ये वाचनचौकट बिघडलेलेही काही असतात, म्हणून दोन-तीन तपासून घ्यायचे. पहिल्यांदा ८० हिरव्या आणि ५ फिक्या मोजणारी मुलगी टेम्प्लेट पन्नासपट कमी करून दुसऱ्या दिवशी ३ हिरव्या आणि ३० फिक्या मोजते, तेव्हा तिला वरचा सगळा हिशेब पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

बदल मिळाल्यानंतरच्या दोन गोष्टींची काळजी आत्ताच घ्या. सिक्वेन्सिंग फक्त त्या पाच कोडॉनांचे करू नका, संपूर्ण जनुकाचे करा. संपूर्ण वर्तुळ नळीत नव्याने बनले आहे आणि पॉलिमरेजची चूक कोठेही पडलेली असू शकते. ती प्रमोटरमध्ये किंवा प्रतिकृतीच्या आरंभस्थानी पडली तर प्रथिन कमी बनेल आणि तुम्ही दोष अ‍ॅलॅनिनला द्याल. म्हणून मी तपासलेले जनुक कापून न वाढवलेल्या, कोऱ्या वाहकात हलवतो. तेवढा वेळ नसेल तर निदान दोन स्वतंत्र क्लोनपासून प्रथिन बनवून दोन्हींचे निष्कर्ष जुळतात का ते पाहावे.

दुसरी गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सेरीन-अ‍ॅलॅनिन बदलात मला मूळच्या सुमारे १ टक्का क्रियाशीलता उरलेली दिसली. सेरीन नसतानाही एन्झाइम चालते म्हणून मी त्यामागे एक पर्यायी यंत्रणा रचली, आकृत्या काढल्या, गटाच्या बैठकीत मांडल्या. मग एका तंत्रज्ञाने सहज विचारले की प्रथिन शुद्ध करायचा निकेलचा स्तंभ नवा होता का. नव्हता, त्याच स्तंभावरून आदल्या आठवड्यात मूळचे एन्झाइम गेले होते. स्तंभात नवी राळ भरून शुद्धीकरण केल्यावर ती १ टक्का क्रियाशीलता नाहीशी झाली, आणि माझी यंत्रणाही. तेव्हा उत्परिवर्तित प्रथिनासाठी स्तंभ वेगळा ठेवा आणि त्यावर तशी चिठ्ठी लावा. आणि प्रथिन निष्क्रिय निघाले तर ते नीट घडी पडलेले आहे की नाही हेही वितळण्याच्या, म्हणजे घडी उलगडण्याच्या, तापमानावरून पडताळून पाहा, अन्यथा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तर क्रम असा ठेवा: आधी ताजी मिनीप्रेप, मग अंशतः पूरक प्रायमर, १० नॅनोग्रॅम टेम्प्लेट, साडेतीन मिनिटांचा विस्तार, आणि तीन जादा प्लेटा. पुन्हा लिहाल तेव्हा पॉलिमरेज नसलेल्या नळीतून किती कॉलन्या आल्या तो आकडा अवश्य कळवा. तो हाती असेल तर पुढचे निदान अंदाजाने करावे लागणार नाही.